पोलादपुरात मी वाईची

आमच्या भागात कुणाला वाट विचारली की तो वाट सांगत नाही. आधी विचारतो, "कुठल्या गो तुम्ही?" गाव सांगितलं की विचारतो, "कोणाच्यातल्या?" घर सांगितलं की मग त्याचं तोंड उघडतं. तुमचा सासरा त्याच्या मामाच्या लग्नात वाढायला होता, तुमच्या दिराने त्याच्या बापाला बैल दिला होता, असं काहीतरी निघतंच. ते निघालं की पुढचं सगळं होत जातं. पिशवी कुणाच्या दुकानात राहते, बसायला खुर्ची येते, वर जाणारी जीप दहा मिनिटं थांबते. जीप गेलीच असेल तर कुणाच्या तरी पडवीत गोधडी पडते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पोलादपूरला जात-येत होते. तिथे लॉज आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, कारण कधी गरज पडली नव्हती.

ज्याला गाव आणि घर सांगता येत नाही त्याचं काय होतं, ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

ज्या पावसात दरड कोसळून तळीये गाव गेलं, त्याच पावसात आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला जमीन फाटली. हात आत जाईल एवढी भेग होती. सरकारी माणसं आली आणि त्यांनी आम्हाला भर पावसात खालच्या गावच्या शाळेत आणून ठेवलं. आठ दिवसांनी मुलगा आला. "पावसापुरती चल," म्हणाला आणि मला डोंबिवलीला घेऊन गेला. पावसापुरती गेलेली मी, चार पावसाळे तिथेच काढले. गणपतीला यायचो, पण भाड्याच्या गाडीतून. डोंबिवलीत चढायचं आणि वाडीखाली उतरायचं. मला गाडी लागते म्हणून मी डोळे मिटून बसायचे. मधलं काही पाहिलंच नाही.

डोंबिवलीत मला कुणी वाईट वागवलं नाही. तसं लिहिलं तर खोटं होईल. सून वेळेवर जेवायला द्यायची. पण तिसऱ्या मजल्यावर मला काम नव्हतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची आणि त्या खिडकीतून एक म्हातारी माझ्याकडे बघायची. तिलाही काम नव्हतं. आम्ही दोघी कधी बोललो नाही.

दिवाळी झाल्यावर मुलगा एकदा जेवताना म्हणाला, "आई, शिमग्याला जाऊ तेव्हा घराची कौलं उतरवून घेतो. राहायला कुणी नाही. वानरं दर वर्षी फोडतात, लाकूड भिजून कुजतंय. आता उतरवलं तर वासे तरी कामाला येतील."

मी म्हणाले, "मी राहीन."

"एकटी?"

"जन्माला जोडीने आले होते का?"

तो हसला नाही. "तुला खालच्या दुकानातून परत येताना जिना चुकतो, आई. पोलादपूरला उतरून एकटीला वर जाता येईल?"

"जाऊन दाखवते."

"दाखवच." त्याला राग आला होता. "कुणाला फोन करायचा नाही. कुणी न्यायला यायचं नाही, ओळखीच्या माणसाच्या गळ्यात पडायचं नाही. अशी घरी पोचलीस तर रहा तिथे, मी परत विषय काढणार नाही. वाटेतून फोन आला तर मी येऊन घेऊन जाईन. मग कौलांचं तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"अहो, काय हे," सून म्हणाली. पण तोवर ठरलं होतं. आमच्या घरात हट्टाला कुणी कमी नाही.

माझी नात नोकरी करते. ती आदल्या वर्षी मैत्रिणीबरोबर लाओस नावाच्या देशात फिरून आली होती. तिथल्या डोंगरातल्या एका लहान गावात ती दोन दिवस राहिली. "पोलादपूरएवढंच होतं, आजी," ती म्हणायची. "नदी, नदीवर पूल, बाजार, चहूकडे डोंगर. मोबाईलच्या नकाशात आमची खोली नदीच्या अलीकडे होती, निघाली पलीकडे. पाट्या वाचता येईनात. मी गालाखाली हात ठेवून डोळे मिटून दाखवायचे, झोपायला जागा पाहिजे म्हणून. शेवटी एका बाईने हात धरून नेलं, दारात चपला काढायला लावल्या आणि गादी दाखवली." तिथे बांबूच्या लहान टोपलीत चिकट भात देतात आणि तो हाताने लाडू वळल्यासारखा करून खातात. फळ्यावर गाडीची वेळ आठ लिहिलेली असते, पण गाडी भरेल तेव्हा सुटते. हे ऐकून मला तो देश ओळखीचा वाटला होता.

माझी पिशवी भरताना तिने मला शिकवलं. "अनोळखी गावात उतरलीस की आधी बाजार शोध. गाड्या, खाणं, खोल्या सगळं त्याच्याच आसपास असतं. वाट एकाला विचारायची नाही, तिघांना विचारायची, दोघांचं जुळलं तर निघायचं. आणि उजेड आहे तोवर झोपायची जागा बघायची. जेवण मागाहून."

"मला काय शिकवतेस? मी माझ्या गावाला चालले."

"तरी लक्षात ठेव," ती म्हणाली.

निघताना मी एक गोष्ट पक्की केली. आमच्या वाडीचं मुंबईत मंडळ आहे आणि मंडळाचा मोबाईलवर ग्रुप आहे. पोलादपुरात मी एकदा गाव सांगितलं, घर सांगितलं, की माझा फोटो डोंबिवलीला पोचणार. कुणीतरी मोटारसायकलवर बसवून मला दारात नेऊन सोडणार. मग मुलगा म्हणणार, तू गेली नाहीस, तुला पोचवली. म्हणून मी ठरवलं की गाव सांगायचं नाही. कुणी विचारलं तर मी वाईची. घाटापलीकडचं गाव, तिथलं आमच्याकडे फारसं कुणाचं कुणी नाही.

पहाटेच्या गाडीने मी महाडला आले. स्टँडवर बायकांच्या मोरीला कुलूप होतं. किल्ली चौकशीच्या खिडकीत होती आणि खिडकीतला माणूस चहाला गेला होता. मी चौथी शिकलेय, पाट्या वाचता येतात. पोलादपूरच्या पाटीखालच्या बाकावर बसले. शेजारी एक बाई होती, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल.

"कुठल्या गो?"

"वाईची."

"अगो बाय, लांबून." एवढं बोलून तिने मान फिरवली. तिच्या पलीकडे बिरवाडीची कुणी येऊन बसली. दोघींचं दोन वाक्यांत नातं निघालं आणि पिशवीतून उकडलेल्या शेंगा निघाल्या. शेंगांची पुडी माझ्या मांडीपर्यंत आली आणि तिथून परत गेली. तिने मुद्दाम केलं नाही. मीही आयुष्यभर असंच करत आले असेन. स्टँडवर परकी बाई बसलेली असली तर तिच्याकडे मी तरी कधी पाहिलं?

खोटं बोलणं जड गेलं नाही. त्यानंतर गप्प बसणं जड गेलं.

पोलादपूर आलं तेव्हा कंडक्टर ओरडला, "पोलादपूर, चला लवकर," आणि मला उतरवून गाडी निघून गेली. मी उभी राहिले ती सिमेंटच्या रस्त्यावर. चार गाड्या एका वेळी जातील एवढा रस्ता, मधे आडवा कठडा. गाव कुठल्या बाजूला ते कळेना. मी ज्या पोलादपूरला उतरायची तिथे गाडी गावाच्या पोटात शिरायची, उतरलं की समोर पिंपळ आणि पिंपळाखाली वर जाणाऱ्या जीपा. इथे टायरचं दुकान होतं आणि एक मोठी हिरवी पाटी होती. पाटीवर गोवा लिहिलं होतं.

मी टायरवाल्याला विचारलं, "पिंपळाखालच्या जीपा कुठे?"

"मालूम नहीं, माताजी," तो म्हणाला.

कॉलेजात जाणारी एक मुलगी येत होती. तिला विचारलं. तिने मोबाईल काढला. "आजी, पिंपळ असं टाकून काही येत नाहीये. दुसरं काय लिहू?"

मला दुसरं काही सांगता येईना. चूक माझीच होती. आम्ही सगळे वाट अशीच सांगतो, पिंपळापासून, गिरणीपासून, अमक्याच्या गोठ्यापासून. गिरणी बंद पडते, गोठेवाला मुलाकडे वापीला जातो, तरी वाट तिथूनच निघते. गावातल्याला ते कळतं. बाहेरचा माणूस नसलेल्या गोठ्यापाशी वळायला जातो आणि चुकतो. आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या किती लोकांना मी अशी वाट सांगितली असेल! ते पोचले की नाही, कधी मनात आलं नाही.

तिसरी भाजीवाली होती. तिला मी ओळखलं. आमच्या खालच्या गावची लेक, हिच्या बारशाला मी गेले होते. पदर तोंडावर ओढून विचारलं.

"पिंपळ रस्त्यात गेला," ती मान वर न करता म्हणाली. "पलीकडं जा. बाजाराच्या मागं जीपा लागतात. खालून बोगदा हाय, रस्त्यावरून जाऊ नका, मराल."

बोगदा म्हणजे रस्त्याखालून काढलेली वाट. त्यातून गेले. पलीकडे बाजार सापडला. नातीचं खरं ठरलं, बाजारामागे जीपा होत्या. दोनच होत्या. एक आंबेनळीच्या बाजूला निघालेली होती, भरलेली. दुसरीचा ड्रायव्हर टपावर पाय पसरून बसला होता. वाडीचं नाव घेतलं तसा तो खाली उतरला.

"आता कुठं? एसटी दोनला गेली. मी आठ माणसं झाल्याशिवाय सुटत नाय. वर कोणाकडं?"

"आहे एकाकडं."

"एकाकडं म्हणजे? वाडीत तीन म्हातारे हायत आन् दोन बैल. त्यातलं कोण?"

शेजारचा पानपट्टीवाला हसला. मी म्हणाले, "तुला माणूस न्यायचंय की पंचनामा करायचाय?"

"तसं नाय आजी. वाडीचं नाव सांगताव, माणसाचं सांगत नाय. जमीन बघायला आलाव काय? एजंट हाव काय तुम्ही?"

"आता एजंट आजीला पाठवायला लागलेत रे," पानपट्टीवाला म्हणाला. "मागच्या आठवड्यात गॉगलवाला आला होता, तो चालला नाय."

दोघं हसले. मीही हसले असते, पण मला रडूही येत होतं आणि ते मला नको होतं. एका शब्दाचं काम होतं. सासऱ्याचं नाव घेतलं असतं तर हाच पोरगा मला पुढच्या सीटवर बसवून एकटीला घेऊन गेला असता. त्याच्या आजाला मी ओळखत होते. मी नाव घेतलं नाही. "उद्या सकाळी एसटी किती वाजता?" एवढंच विचारलं. तो म्हणाला सात. पानपट्टीवाला म्हणाला साडेसात. तिसऱ्याला विचारायचं राहिलं.

ऊन अजून होतं. झोपायची जागा बघायची होती. लॉज बाजाराच्या टोकाला निघालं. खाली बियर, वर खोल्या. काउंटरवर एक माणूस बसला होता, केस नीट विंचरलेले, बोलणं पुण्यासारखं.

"आधार कार्ड द्या आजी."

मी दिलं. कार्डावर मुलाने डोंबिवलीचा पत्ता घातलेला.

"एकट्याच?"

"हो."

"एकट्या बाईला देत नाही आम्ही. मालकांची सक्त ताकीद आहे."

"मी काय पळून आलेय?"

"तेच तर आजी." तो खरंच समजावून सांगत होता. "म्हातारी माणसं घरातून रागावून निघतात. मग दोन दिवसांनी घरची माणसं पोलीस घेऊन आमच्याकडे येतात. तुम्ही मुलाचा नंबर द्या. मी एक फोन करतो, ते हो म्हणाले की खोली तुमची. गरम पाणीसुद्धा देतो."

हातातलं कार्ड त्याने उलटसुलट बघितलं. काउंटरवर फोन ठेवलेला होता. त्याने तो उचलला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं आणि जिना उतरले. माझ्या वयात बाईला झोपायला मुलाची परवानगी लागते, हे मला डोंबिवलीतही कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी तासभर बाजारात हिंडले. चपलांच्या दुकानावरून दोनदा गेले. दुसऱ्यांदा दुकानदाराने विचारलं, "काय पाहिजे आजी?" मी म्हणाले, "काही नाही." ज्या गावात पाच मिनिटं मोकळं चालता येत नसे, हाक आल्याशिवाय, त्या गावात मला पहिल्यांदाच कुणी ओळखून हाक मारली नाही. खूप दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाला आपल्या गावात फिरायला सोडलं तर त्याला असंच वाटेल.

अंधार पडायच्या आधी एका खानावळीत शिरले. चार बाकं आणि चूल आतल्या बाजूला. चालवणारी बाई पन्नाशीची, अंगाने रुंद, हातात सतत काहीतरी. तिने तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुक्या जवळ्याची चटणी ठेवली. मी सकाळपासून उपाशी होते. मान खाली घालून जेवले.

"कुठल्या मावशी?"

"वाईची."

ती भाकरी थापताना थांबली. "वाईच्या?"

"हो."

"वाईची माणसं येतात माझ्याकडं. ज्वारीची मागतात. तांदळाची दिली तर काठाकडनं कुरतडतात, उंदरावाणी. तुम्ही तर चटणी भाकरीत गुंडाळून अर्धी संपवलीत."

"मी वाईला दिलेली."

"मग माहेर?"

मी पुढचा घास मोडला. तिने दुसरी भाकरी आणून ताटात टाकली. "बरं, वाईच्या तर वाईच्या. मी विचारत नाय, तुम्ही सांगू नका."

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. मुलाचा. मी तो बाकावर ठेवला आणि बघत राहिले. वाजून बंद झाला. परत वाजला.

"पोराचा ना?" ती म्हणाली. "उचला की."

"उचलला तर माझं घर गेलं."

हे तोंडातून निघून गेलं. मग सगळं सांगितलं, गाव सोडून. कौलं, पैज, लॉजवाला. ती हात पुसत समोर येऊन बसली.

"काय म्हणाला तो नेमकं? फोन करायचा नाय?"

"हो."

"उचलायचा नाय असं म्हणाला?"

मी आठवून बघितलं. "नाही."

"मग उचला ना बाई! तो काय आकाशवाणी हाय? नाय उचललात तर घाबरून मंडळभर फोन करील, आन् मग सगळा तालुका तुम्हाला शोधत फिरल."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"आई, कुठे आहेस?"

"जेवतेय," मी म्हणाले. "नंतर." आणि बंद केला.

बाई बाकावर हात मारून हसली. मीही हसले. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले आणि ती मला अजून आठवते, पण तिचं नाव मी विचारलं नाही. ती मला विचारत नव्हती, मग मी कशी विचारू?

खानावळीच्या मागे धान्याची खोली होती. तिथे तिने सतरंजी टाकली, तांब्यात पाणी ठेवलं, फोन चार्जिंगला लावला. "ज्यांचं ओळखीचं कोण नाय ते इथं झोपतात," ती म्हणाली. "ड्रायव्हर, एखादा साधू, एकदा तर एक गोरा सायकलवाला होता. असा घोरायचा की मांडणीवरची भांडी वाजायची." मी तिला म्हणाले, "ओळख असूनही कुणी इथे झोपलंय?" ती म्हणाली, "तुम्हीच पयल्या."

तांदळाच्या पोत्यांना टेकून पडले तेव्हा वाटलं, तिला सांगावं. अमक्या वाडीची, अमक्याची सून. तिचा आणि माझा कुठेतरी धागा निघालाच असता. मग मी तिची झाले असते आणि ती माझी. पण जे काही ती करत होती ते मी कुणाचीच नाही म्हणून करत होती. मला ते तसंच राहू द्यावंसं वाटलं. झोप मात्र नीट लागली नाही.

सकाळी तिने उठवलं. "गाडी सातलाही नाय आन् साडेसातलाही नाय. सव्वासहाला. आन् स्टँडात येत नाय, पुलाच्या अलीकडं उभी राहते, दिवा न लावता. कोणाला ती चालू वाटत नाय. पुढच्या दारानं चढा." आणि एक भाकरी कागदात बांधून दिली. मी निघाले तेव्हा ती चुलीपाशी वाकलेली होती. तिने वळून बघितलं नाही, मीही हाक मारली नाही.

गाडी तिने सांगितली तिथेच होती. आत मी आणि एक शिक्षक. उमरठच्या फाट्यावर आणखी एक बाई चढली आणि दोन स्टॉपनंतर उतरली. कंडक्टर झोपेत होता. खालच्या गावापुढे गाडी जात नाही, वरचा रस्ता त्या पावसात वाहून गेलेला तो अजून अर्धाच बांधलाय. शाळेपाशी उतरले. आठ दिवस ज्या शाळेत झोपलो होतो तीच. वर्गात कुणी नव्हतं अजून. नळाला पाणी होतं, ते प्यायले आणि चढायला लागले.

पूर्वी ही चढण मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन अर्ध्या तासात चढायचे. आता चार ठिकाणी बसले. दुसऱ्या बसण्याला कागद सोडून भाकरी खाल्ली. वाट मोडली होती, पण पायाला माहीत होती. भात कापून झालेलं, खाचरं कोरडी, कुठे कुणी नाही. ज्या घरांवरून जायची त्यांची दारं बंद, एकाच्या ओट्यावर घूस बसली होती. ती माझ्याकडे बघून हलली नाही.

वाडीच्या तोंडाशी एक म्हातारा बैलांना घेऊन येत होता. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याने मला लांबूनच ओळखलं. बैल थांबवले नाहीत, चालता चालता म्हणाला, "वयनी, कधी आलीस गो?"

"आत्ता."

"एकटी? कोण सोडायला आला?"

"कोण नाय."

"हं," तो म्हणाला. "पाणी खालच्या विहिरीवरनं आणायला लागल. वरची आटली." आणि बैलांमागे निघून गेला. कुठल्या, कोणाच्यातल्या, काही नाही. मला वाटलं होतं, ओळखणारं पहिलं माणूस भेटेल तेव्हा मनात काहीतरी होईल. काही झालं नाही.

कुलूप गंजलं होतं, दगडाने ठोकून उघडलं. मुलगा खोटं बोलला नव्हता. वानरांनी मागच्या अंगाची कौलं फोडली होती, तिथून उजेड पडत होता, आणि एक वासा काळा पडलेला. पण बाकीचे ठणठणीत होते. मी एकेकावर काठी मारून बघितली. चुलीजवळ उंदराची बिळं. केरसुणी सापडली नाही, तेव्हा फाटक्या गोणपाटाने निम्मं घर झाडलं आणि मग आठवलं की फोन करायचाय.

वाडीत फोनला रेंज एकाच ठिकाणी मिळते, वरच्या शेताच्या बांधावर, जिथे जमीन फाटली होती त्याच्या अलीकडे. तिथे गेले. बांधावर उभी राहून मी मनात दोन उत्तरं तयार केली. तो म्हणेल तू कुणाला तरी भेटली असशील, तर हे. तो म्हणेल एक दिवस राहून काय सिद्ध झालं, तर ते. नंबर लावेपर्यंत मी तेच घोकत होते.

"पोचले," मी म्हणाले.

"कुणी सोडलं?"

"कुणी नाही. रात्री पोलादपूरला राहिले. सकाळच्या एसटीने आले, शाळेपासून चालत."

"पोलादपूरला कुठे राहिलीस?"

"खानावळीत."

"ओळखीच्या?"

"नाही."

मागे सुनेचा आवाज आला. "पोचल्या का?" तिने विचारलं. मग जरा कमी आवाजात, पण मला ऐकू आलं, "मग ते टेबल त्या खोलीत घेऊया का हिचं? कामाला बसायला जागा नाही तिला." नातीबद्दल बोलत होती, आणि ती खोली माझी होती.

"आई," मुलगा म्हणाला. "बरं. ठरलं होतं तसं. रहा मग."

"कौलं?"

"नाही काढत. शिमग्याला येईन तेव्हा फुटलेली बदलू. गोळ्या आहेत ना महिन्याच्या?"

"आहेत."

"बरं. ठेवतो."

एवढंच. तो चिडला नाही, रडला नाही, शब्दाला जागला. मी त्याला तसाच वाढवला होता. मला पाहिजे होतं ते सगळं त्याने एका मिनिटात दिलं. मी फोन हातात धरून बांधावर बराच वेळ उभी राहिले. त्याने एकदा तरी "परत ये" म्हणायला पाहिजे होतं. मी आले नसते. पण म्हणायला पाहिजे होतं.

मग ऊन चढायला लागलं आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. कळशीला भोक होतं का ते बघितलं, नव्हतं. खालच्या विहिरीवर गेले. चुलतदिराने रहाटाला दोर लावून ठेवला होता. एक कळशी वर आणायला तीनदा बसले. घरी येऊन चूल पेटवली, चहा केला. दुधाची सोय नव्हती, कोराच प्याले. एकच कप घासायचा होता.